खालचा दोरा

नोकरीत चोर-दरोडेखोर किती पकडले, ते आता आठवतही नाही. एक झबलं मात्र काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही.

सत्तरचं दशक. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि मी तिथे फौजदार होतो. अनसिंगच्या रस्त्यावर एका देवळाच्या ओट्यावर नवजात मुलगी सापडली. जिवंत होती. अंगात नवंकोरं झबलं. तिला सरकारी दवाखान्यात पाठवलं, पंचनामा केला आणि झबलं घेऊन बाजार पालथा घातला.

कापडवाले शेठजी म्हणाले, "हे छीट माह्याच दुकानातलं हाये. महिला मंडळाच्या बायांनी नेलं."

मंडळात शिलाई मशीन एकच आणि शिवणाऱ्या चौघी. भांडणं नकोत म्हणून त्यांनी जी व्यवस्था लावली होती ती आमच्या ठाण्यालाही जमली नसती. प्रत्येकीची वेळ वेगळी, कुलपाचा खण वेगळा, खालच्या दोऱ्याच्या बॉबिनची डबी वेगळी. वरचा दोरा कापडाला शोभेल तो. खालचा मात्र ज्या-त्या बाईच्या ठरलेल्या रंगाचा. कपडा उलटा केला, की कोणी शिवला ते कळायचं.

झबलं उलटं केलं. दोरा हिरवा. हिरवा रंग मंडळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या काकूंचा. झबल्याला सील लावलं आणि काकूंना ठाण्यात बोलावलं.

"दोरा माहा, शिलाई माही, लेकरूही माहंच. लिहून घ्या."

केस पांढरे झालेली बाई! माझं डोकंच फिरलं. "काकू, पोलिसाले येडं समजता का?"

"नाही समजत. पर दुसरं काही सांगनार नाही."

दरडावलं, समजावलं. बाई ढिम्म हलेना. तेवढ्यात दवाखान्यातून शिपाई आला. "साहेब, लेकरू बाटलीचं दूध घेऊनच नाही राह्यलं. डाक्टर म्हन्ते, भरोसा नाही."

व्हरांड्यात मंडळातलीच एक तरणी विधवा काकूंसाठी डबा घेऊन बसली होती. ती ताडकन उठली. तिचं पोलकं छातीशी ओलं झालं होतं.

"मले तिच्यापाशी न्या, साहेब. मंग फाशी द्या."

"बस खाली, पोरी!" काकू ओरडल्या, आणि पहिल्यांदाच रडल्या.

विधवेचा दोरा लाल. झबलं तिनंच शिवलं होतं. काकूंनी तिला बजावलं होतं, "तुही डबी नोको लावू, माही लाव. इचारलं त मी पाहून घेईन." एकीनं दुसरीच्या डबीला हात लावायचा नाही, हा मंडळातला नियम काकूंनीच केलेला.

जीप काढून मीच तिला आणि काकूंना दवाखान्यात नेलं. मुलगी आईला लुचली, पण तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. आईच्या मांडीवरच गेली.

"माह्या हातचं झबलं तेवढं द्या. लेकीले उघडी कशी पुरू?" आई म्हणाली. झबलं मुद्देमालात, कोर्टाच्या हुकमाशिवाय सील तोडता येत नव्हतं. काकू मंडळात गेल्या आणि उरलेल्या छिटाचं दुसरं शिवून घेऊन आल्या.

पुढे कितीतरी पुरावे कोर्टात उभे केले. डबी कोणाची, ते पुराव्यावरून कळतं. ती कोणी, कोणासाठी उघडून दिली, हे माणसालाच विचारावं लागतं. एवढं त्या दिवशी शिकलो आणि फार जड मनानं शिकलो.

काकूंनी आणलेलं झबलं मी सवयीनं उलटं करून पाहिलं. शिवलं काकूंनी होतं. खालचा दोरा लाल होता.