मिलिमीटरकाकांचा आकडा

डोंगरमाथ्यावरच्या केंद्रात रोज सकाळी पाऊस मोजणाऱ्या गृहस्थांना सगळे मिलिमीटरकाका म्हणत. चहात साखर किती, असं विचारलं तरी हा माणूस दशांशात उत्तर देईल, अशी त्यांची थट्टा व्हायची. काकांना ती मनातून आवडायची. खाली नदीकाठच्या शहरात दिलेली त्यांची लेक तर बाबांच्या आकड्यांबद्दल शेजारणींपुढे मिरवायची.

त्या आठवड्यात कमी दाबाचा पट्टा डोंगरावर ठाण मांडून बसला होता, हलायचं नाव घेत नव्हता. समुद्रावरून वारे ओलावा घेऊन येत, डोंगर त्यांना वर ढकलत आणि गार झालेले ढग तिथल्या तिथे रिते होत. जमिनीचं पोट आधीच भरलेलं, त्यामुळे पडेल ते पाणी सरळ नदीत. एवढ्या मुलखात मोजणारं केंद्र हे एकच.

सकाळी काकांनी नरसाळं काढलं, खालची काठोकाठ भरलेली बाटली मापात ओतली आणि आकडा पूरनियंत्रण कक्षाला कळवला. पाऊस मोठा, पण धोका नाही, असं रेडिओवर सांगितलं गेलं. दुपारी उघडीप झाली म्हणून काका यंत्र पुसायला गेले, तर बाटलीभोवतीचा डबा उचलता उचलेना. बाटली भरून वाहिली की वरचं पाणी त्या डब्यात जमतं आणि तेही मोजायचं असतं. पण इतक्या वर्षांत बाटली कधी भरलीच नव्हती. डब्यात डोकावायची सवयच मोडली होती. आज त्यात सकाळच्या आकड्यात न धरलेलं, बाटलीच्या दुप्पट पाणी होतं.

त्यांनी कक्षाला फोन करून चूक सांगितली. "अहो, काय बोलताय काय!" पलीकडचे साहेब ओरडले. "ते पाणी एव्हाना शहराजवळ आलं असेल!"

मग काकांनी लेकीला फोन लावला. जावई कामावर होता.

"बाळा, आत्ताच्या आत्ता सासूबाईंना घेऊन गच्चीवर जा. पूर येतोय."

"इथे तर लख्ख ऊन पडलंय, बाबा. आणि रेडिओवर..."

"तो आकडा माझाच होता. मी चुकलो गं. नीघ लवकर!"

तिने फोन चालूच ठेवला. काका जिवाचा कान करून ऐकत राहिले. "अगं, माझा चष्मा राहिला!" सासूबाईंची कुरकुर चालली होती. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. एक पायरी चढायच्या, मग थांबून धापा टाकायच्या. मागे कसलीशी घरघर वाढत होती. कुणीतरी किंचाळलं.

"पोचलो, बाबा."

काकांनी तिथेच हात जोडले.

"पण बाबा, शेजारच्या वहिनी खालीच आहेत." लेकीचा आवाज चिरकला. "सकाळी मुलांना घेऊन बहिणीकडे निघाल्या होत्या. मीच थांबवलं. म्हटलं, माझ्या बाबांनी मोजलंय."

"तू खाली जाऊ नकोस! ऐक माझं!"

तिने फोन सासूबाईंच्या हातात दिला. काका ओरडतच राहिले आणि जिन्यावरून धावत खाली जाणारी तिची पावलं त्यांना ऐकू येत राहिली.