चाखूकाकांची जीभ

आमच्या पाणी समितीच्या वहीत माझ्या अक्षरात एक ठराव लिहिलेला आहे: ‘काकांना चव लागते.’ बाजूने एकेचाळीस मतं, विरुद्ध एक. विरुद्धचं मत खुद्द काकांचं. हे असं का झालं ते सांगायचं तर आधी काकांबद्दल सांगायला हवं.

काका मूळचे गवंडी. अंगाने सडपातळ, बोलणं हळू. कुणी वाकडं बोललं तर आधी आपलंच काही चुकलं असेल असं समजणारा माणूस. गावाने स्वतः पाणी योजना करायची ठरवली, तेव्हा घरटी एक माणूस चर खणायला आला. अकरा दिवस खणणं चाललं. प्रत्येक घरामागे संडास आणि त्याचा शोषखड्डा झाला. टेकाडावर टाकी उभी राहिली. टाकीच्या आतला गिलावा काकांनी एकट्याने केला, आणि पाणी सोडायचं कामही पुढे त्यांच्याकडेच आलं.

पाणी सुरू होऊन महिना झाला नसेल. एके दिवशी सकाळी टाकीखालच्या नळाचं पाणी तोंडात घेऊन काका म्हणाले, “पाण्याला लोखंड लागतंय.” सगळे हसले. काका ऐकेनात, तेव्हा टाकी उपसली. तळाशी गिलाव्याची थापी निघाली. थापी काकांचीच होती; ती हरवली म्हणून तीन आठवडे ते शेजाऱ्यांकडे संशयाने बघत होते. पण हा भाग गावाने सोडून दिला. ज्याला टाकीभर पाण्यात एका थापीची चव लागते, त्याची जीभ साधी नव्हे, एवढंच लोकांनी धरलं. त्या दिवसापासून ते चाखूकाका झाले.

मग रोजची पद्धतच पडली. काका टाकीत ब्लिचिंग पावडर टाकायचे, थोड्या वेळाने एक घोट तोंडात घ्यायचे, डोळे मिटून घोळवायचे, थुंकायचे आणि हात वर करायचे. हात वर झाला की खाली गल्ल्यांमध्ये बायका भांडी लावायच्या. नंतर काका लांब दांड्याच्या चावीने व्हॉल्व्ह फिरवायचे.

पाणी तपासायची पेटी समितीला मिळालेली होती. काचेच्या दोन नळ्या, थेंबांची एक बाटली आणि वापरायची पद्धत छापलेला कागद. पाण्यात थेंब टाकले की रंगावरून त्यात ब्लिचिंगचं औषध किती आहे ते कळतं. पण समितीचे सेक्रेटरी म्हणजे आमचे शिंपी. चिंधीसुद्धा टाकून न देणारे. बाटली संपली तर दुसरी मागवायला तीन अर्ज करावे लागतात, म्हणून त्यांनी पेटी दुकानातल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. जीभ काही संपत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

जीभ गावाची झाल्यावर गाव तिला जपू लागलं. चहावाला काकांना चहा निवल्याशिवाय देत नसे. काका कुणाकडे जेवायला गेले तर त्यांच्या वाटीतली मिरची यजमान आधीच काढून घेत. एकदा त्यांची दाढ दुखली, तर समितीची बैठक बसली आणि दाढ काढावी की भरावी यावर पाऊण तास चर्चा झाली. काकांचं मत विचारायचं राहून गेलं.

काका हे सगळं निमूट सोसत. काकी मात्र म्हणायच्या, “नवरा माझा आणि जीभ पंचायतीची.”

हे सगळं नीट चाललं असताना काकांना सर्दी-ताप आला. चार दिवसांत ते उठले, कामाला लागले. दुपारी काकींनी वाढलेली भाजी त्यांनी मुकाट्याने खाल्ली आणि चांगली झालीय म्हणाले. काकींनी घास घेतला तर भाजीत मीठच नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात मीठ कमी पडलं आणि काका बोलले नाहीत असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकींनी मुद्दाम तिप्पट मीठ घातलं. काका पुन्हा म्हणाले, चांगली झालीय. काकी घाबरल्या. “एक चूक तरी काढा हो,” असं म्हणून त्यांनी स्वतःचं ताट न जेवता तसंच ठेवलं.

काकांना चव लागत नव्हती. गोड, तिखट, औषध, लोखंड, काही नाही. तरी आठ दिवस ते टाकीपाशी घोट घेऊन डोळे मिटत राहिले आणि हात वर करत राहिले. गावाला सांगायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं.

नवव्या दिवशी ते लेकीकडे गेले. लेक गावातच दिलेली, शेवटच्या गल्लीत शेवटचं घर. तिच्या सात महिन्यांच्या मुलीला नुकतंच चमच्याने पाणी पाजायला सुरुवात झाली होती. काकांनी पाणी उकळून दे म्हटलं, तर लेक हसली. “बाबा, तुम्ही चाखलेलं पाणी मी उकळून देऊ? लोक काय म्हणतील?” आणि तिने त्यांच्यासमोर नात मांडीवर घेऊन तिच्या तोंडात चमचा दिला. नातीने चमचाही चोखला. काका तिथून उठले ते थेट शिंप्याच्या दुकानात गेले.

गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, अशा अवस्थेत सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं. टाचण्या काढून ठेवल्या आणि कुणाला बोलू नका म्हणाले. शुक्रवारी वरून पाहणीला माणसं येणार होती. ‘शुद्ध पाण्याचं गाव’ अशी पाटी रंगवून वाळतही घातली होती. काकांनी पेटी मागितली. सेक्रेटरी म्हणाले, तो निर्णय समितीचा.

संध्याकाळी शाळेच्या वर्गात सभा भरली. मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे वर करून बसली. गिरणीवाल्या वहिनी आमच्या अध्यक्षा. त्यांनी काकांना उभं केलं आणि काकांनी मान खाली घालून सांगितलं की आपली चव गेली आहे, पेटी बाहेर काढा.

कुणाचा विश्वास बसेना. इतकी वर्षं कौतुक झालं तरी माणूस किती साधा, असं उलट कौतुकच सुरू झालं. शेवटी वहिनी म्हणाल्या, परीक्षा घेऊन टाकू. पाच पेले मांडले, एकात चिमूटभर मीठ. काकांनी पाचही चाखले. काहीच कळलं नाही, म्हणून त्यांनी समोर आला तो तिसरा पेला उचलला. मीठ तिसऱ्यातच होतं.

टाळ्या पडल्या. काका म्हणाले, अहो, हा नुसता अंदाज. सेक्रेटरी म्हणाले, अचूक अंदाज यालाच तर जीभ म्हणतात.

काकांनी परत परीक्षा घ्यायला लावली. या वेळी मुद्दाम चुकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण मुद्दाम चुकायला बरोबर कुठलं ते माहीत असावं लागतं. ते बराच वेळ पेल्यांकडे बघत उभे राहिले आणि घाम पुसत पहिला पेला उचलला. तेही बरोबर निघालं.

तिसऱ्या खेपेला काका टेकीला आले. “एकातही नाही,” ते म्हणाले. सेक्रेटरींनी चतुराई करून या खेपेला मीठ कशातच घातलं नव्हतं.

त्यानंतर मघाचा ठराव झाला. काका एकटे हात वर करून विरोधात उभे होते. मीही बाजूने मत दिलं. मी शाळामास्तर; तीन परीक्षा समोर उत्तीर्ण झालेल्या माणसाला नापास करायची सवय मला नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी घोट घेतला नाही, हात वर केला नाही. व्हॉल्व्हच्या खड्ड्याचं झाकण लावलं आणि चावी मांडीवर आडवी घेऊन त्यावर बसून राहिले. तासाभरात बायका भांडी घेऊन टेकाडावर आल्या. मागोमाग मी आणि अध्यक्षबाईही पोचलो. बायकांत सगळ्यांत पुढे काकी होत्या.

“उठा,” काकी म्हणाल्या. “सगळ्या गावाचं काम खोळंबलंय. काय शोभा चालवलीय?”

“पेटी आणा, मग सोडतो.”

“काल सगळ्यांनी मिळून ठरवलंय ना, तुम्हाला चव लागते म्हणून?”

“ठरवलंय. लागत मात्र नाही.” काकांनी खाली लेकीच्या घराकडे बोट केलं. “पोरीला काय पाजायचं? मला माहीत नाही आत काय आहे.”

काकींनी कमरेवरचा हंडा खाली ठेवला आणि बायकांकडे वळल्या. “नऊ दिवस मी यांना कधी अळणी, कधी खारट वाढतेय,” त्या म्हणाल्या. “नऊ दिवसांत यांनी मला एकदाही नाव ठेवलं नाही. आता तुम्हीच काय ते समजा.”

पेल्यांनी सिद्ध झालं नव्हतं ते या वाक्याने झालं. तिथे उभी असलेली प्रत्येक बाई कुणाच्या ना कुणाच्या ताटात वाढत होती. सगळ्या रिकामी भांडी घेऊन दुकानावर गेल्या. सेक्रेटरी पुन्हा अर्जांबद्दल बोलू लागले, तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, “भाऊ, तुमच्याकडे आमचे बावीस ब्लाउज अडकलेत. आम्ही केला का कधी अर्ज?” कपाट उघडलं.

पेटी घेऊन सगळे टाकीवर आलो. थेंब टाकले, पाणी छान पिवळं झालं. मग काकांनी व्हॉल्व्ह थोडा उघडला आणि भांडी न भरता आम्ही नळानळाने खाली उतरू लागलो. दुसऱ्या गल्लीत फिकट पिवळं. शेवटच्या गल्लीत, काकांच्या लेकीच्या नळाला, रंगच आला नाही. नळीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ.

“बघा,” सेक्रेटरी खूश होऊन म्हणाले, “सगळ्यांत शुद्ध पाणी इथलंच.” दोघा-चौघांनी माना डोलावल्या. मी पेटीतला कागद उघडून मोठ्याने वाचला: रंग न आल्यास पाण्यात औषध उरलेलं नाही, असं पाणी पिऊ नये. लेकीने दारात मांडलेली वाटी-चमचा उचलून आत नेली. काका पायरीवर बसले.

टाकीवर बरोबर, इथे नाही, म्हणजे मधे काहीतरी होतं. खणायला घेतलं. शेवटच्या घराच्या शोषखड्ड्यापासून हातभर अंतरावर पाइपचा सांधा सुटला होता आणि पाइप जेमतेम वीतभर खोल होता. खड्ड्यातली घाण तिथून पाइपात शिरत होती. कुणी खणलं हे, असा आवाज निघाला आणि लगेच बंद पडला. हा चर अकराव्या दिवसाचा. त्या दिवशी उद्घाटनाची घाई होती आणि सगळं गाव एकाच ठिकाणी खणत होतं. मीही होतो. काका चाखायचे ते टाकीपाशी, त्यामुळे जीभ शाबूत असती तरी हे त्यांना कळलं नसतं. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, पण मी हात सगळ्या गावासाठी वर करत होतो.

शुक्रवारी पाहणीची माणसं आली तेव्हा गल्ली उखडलेली होती, घराघरात पाणी उकळत होतं आणि पाटी रंगवणारे सेक्रेटरी चरात कमरेइतके खाली होते. पाटी कापडात गुंडाळून ठेवावी लागली.

पाइप शोषखड्ड्यापासून लांब नेऊन खोल पुरायला आणखी पाच दिवस गेले. मग काका पेटी घेऊन लेकीच्या दारात बसले. नळी भरली, थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. त्यांनी नळी मला दाखवली, मग काकींना, मग लेकीला, आणि प्रत्येकाला विचारलं, पिवळं आहे ना. तिघांनी हो म्हटल्यावरच त्यांनी नळाखाली नवी वाटी धरली, आणि नातीला मांडीवर घेऊन चमचा तिच्या ओठांना लावला.

पोरीने घोट घेतला, नाक मुरडलं, अंग शहारलं आणि सगळं पाणी काकांच्या सदऱ्यावर थुंकलं.

सेक्रेटरींचे डोळे चमकले. पोरीला औषधाची चव बरोबर लागली की, असं म्हणत ते तिच्याकडे फार आशेने बघू लागले. अध्यक्षबाईंनी त्यांना पेटी उचलायला लावली आणि पुढच्या नळाकडे घेऊन गेल्या.

काकांनी सदरा पुसला आणि चमचा पुन्हा भरला. “पी गं बाई,” ते नातीला म्हणाले, “याची चव अशीच असते म्हणतात.”