टोकाच्या वाटेवरचे पांढरे बाण

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. खडकांवरच्या बाणांचे प्रकरण मात्र अजून वारानुसार सांगता येते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. पण माझ्या सहीच्या एका कागदामुळे एका म्हाताऱ्या माणसाचे सगळे जाणार होते, म्हणून ते विसरत नाही.

मी तालुक्याच्या गावात शिकलो. घरात पदवी मिळवणारा मी पहिला. लग्नानंतर अमेरिकेत आलो आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका लहान बंदराच्या गावात पोलीस खात्यात लागलो. गावाचे नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. पर्यटकांच्या पुस्तिकेत आमच्या गावाची तुलना भूमध्य समुद्राकाठच्या गावांशी केलेली असे, आणि ती अगदीच खोटी नव्हती. लाल कौले, पांढऱ्या भिंती, पूर्वी इटलीहून आलेल्या मासेमारांची घरे, आणि बंदराला वळसा घालून कड्याकडेने जाणारी पाच मैलांची पायवाट. वाटेत जमीन समुद्रात घुसते, त्या जागेला सगळे 'टोक' म्हणत. वाटेवर वर्षभर माणसे असत. आमचे बहुतेक काम म्हणजे हरवलेले कुत्रे, मुरगळलेले पाय आणि गाडीच्या किल्ल्या.

त्या सोमवारी सातची हजेरी नुकतीच संपली होती. होड्या भाड्याने देणाऱ्या बाईंचा फोन आला. टोकाजवळच्या खडकांवर कोणीतरी पांढरे बाण काढले होते. हा भाग संरक्षित होता. दगडावर रेघ ओढणे हासुद्धा गुन्हा. मी जाऊन पाहिले. अकरा बाण होते. ते माणसांना कड्याची वाट सोडायला सांगत होते आणि मागच्या बाजूच्या जुन्या, बंद केलेल्या वाटेकडे वळवत होते. मी फोटो काढले, बाण मोजले आणि ठाण्यावर परतलो. परतताना माझ्या मनात एक नाव पक्के झाले होते.

ती जुनी वाट मासेमारांची होती. उद्यान खात्याने ती बंद केली तेव्हा सत्तरी ओलांडलेला एक मासेमार फार भांडला होता. आदल्या हिवाळ्यात त्याने तिथल्याच एका खडकावर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'ही वाट आमची आहे.' तेव्हा त्याने गुन्हा कबूल केला आणि बंदर समितीने त्याला अट घालून सोडले. पुन्हा असे झाले तर धक्क्यावरची बोट लावायची जागा काढून घेतली जाईल, ही ती अट. त्याच्या बापाचीही बोट तिथेच लागत असे. ती जागा गेली की बोट विकावी लागणार, आणि बोटीशिवाय त्याच्याकडे दुसरे काही नव्हते.

मंगळवारी मी धक्क्यावर गेलो. म्हातारा बोट रंगवत होता. पांढरा रंग. बाह्यांवर ठिपके, शेजारी बादली. अशा वेळी तपास अधिकाऱ्याला जे समाधान वाटते ते मला वाटले, हे कबूल केले पाहिजे. बादली मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतली, त्याला ठाण्यावर आणले, हक्क वाचून दाखवले.

"बाण तुम्ही काढलेत?"

"नाही."

"मागच्या वेळी लिहिलं होतंत."

"मागच्या वेळी 'हो' म्हणालो होतो. या वेळी 'नाही' म्हणतोय. दोन्ही वेळा खरंच बोललोय. तुला फक्त 'हो' ऐकू येतं का?"

"मग बाण तुमच्याच वाटेकडे कसे जातात?"

"कारण तीच वाट बरोबर आहे! ज्याने काढले त्याला डोळे आहेत. सापडला तर माझ्याकडे पाठव, मासे खायला घालतो."

मी दोन तास तेच तेच प्रश्न विचारले. तो चिडला, त्याने टोमणे मारले, माझ्या बुटांच्या पॉलिशची तारीफ केली, पण जबाब बदलला नाही. चौकशीत खोटे बोलणारा माणूस तपशील वाढवत जातो, हे मी नव्या पोरांना शिकवत असे. हा म्हातारा एक अक्षर वाढवत नव्हता. ते मला दिसत होते आणि मी ते बाजूला ठेवत होतो.

त्याला घरी जाऊ दिले आणि बुधवारी मी अहवाल लिहिला. पूर्वीचा गुन्हा, हेतू, रंग, संधी, सगळे नीट मांडले आणि सही केली. माझ्या वरिष्ठ, लेफ्टनंट बाईंनी तो बंदर समितीकडे पाठवला. समिती शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता बसणार होती.

गुरुवारी लेफ्टनंट बाई म्हणाल्या, "फोटोंत माप दिसत नाही. पट्टी ठेवून पुन्हा काढ."

दुपारी मी टोकावर गेलो. पहिल्या बाणाशेजारी पट्टी ठेवायला वाकलो आणि तसाच राहिलो. बाणावरून मुंग्यांची रांग चालली होती. प्रत्येक मुंगीच्या तोंडात पांढरा कण. मुंग्या रंग खात नाहीत. मी बोट ओले करून बाणावर घासले आणि वास घेतला. तांदळाची पिठी ओळखायला मला प्रयोगशाळा लागत नाही.

मग सोमवारचे फोटो काढून पाहिले. त्यात याच बाणाचे शेपूट आखूड होते. आमच्याकडे रोज रात्री धुके येते, त्यात पिठी टिकणार नाही. म्हणजे कोणीतरी रोज येऊन बाण नव्याने काढत होते. बंदराच्या नोंदवहीत पाहिले, तर म्हातारा बुधवारी दुपारपासून समुद्रावर होता; आजचे ताजे बाण त्याचे असूच शकत नव्हते.

पिठी वापरणारा माणूस कुठून आला असेल याचा अंदाज होता. गावात नोकरीसाठी आलेली आपली चार-सहा कुटुंबे होती, आणि त्यांचे आईवडील सहा-सहा महिने राहायला येत. ही मंडळी उजाडताच फिरायला बाहेर पडतात. शुक्रवारी सकाळी साध्या कपड्यांत मी टोकाजवळच्या बाकावर जाऊन बसलो. सातच्या सुमारास धुक्यातून एक गृहस्थ आले. पायात मुलाचे असावेत असे मोठे बूट, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, कानांवर माकडटोपी, हातात स्टीलचा डबा. त्यांनी डबा उघडला, बोट बुडवले आणि खडकाकडे वळले.

"नमस्कार," मी म्हणालो.

ते दचकले, मग चेहरा खुलला. "अरे वा! मराठी? कुठले तुम्ही?"

"मी इथला पोलीस आहे."

"पोलीस? आपला माणूस? छानच झालं की! बघा साहेब, मी मुलाला किती दिवस सांगतोय, कोणालातरी कळवायला पाहिजे."

ते निवृत्त शिक्षक होते. तीस वर्षे शाळेची सहल गडावर न्यायची. पुढे स्वतः जाऊन पिठीने खुणा करायच्या, म्हणजे मागचे कोणी चुकत नाही, आणि पावसाने धुऊन जाते, दगडाला इजा नाही. इथे फिरताना त्यांना कड्याच्या वाटेवर एक भेग दिसली होती. त्यांनी मला ती दाखवली. गवताखाली हात घातला तर तो मनगटापर्यंत आत गेला. रोज शंभर माणसे त्यावरून चालत होती.

"मुलगा म्हणाला, इथे त्यांचं खातं असतं, ते बघतील. ईमेल केलाय. म्हटलं, ईमेल वाचेपर्यंत कोणी पडलं तर? सगळ्यांच्या उपयोगाचं काम, त्याला कुणाची परवानगी लागते?"

लागते, हे मी सांगितले. त्यामुळे एका म्हाताऱ्याची जागा आज संध्याकाळी जाणार आहे, हेही सांगितले. गुरुजी खडकावरच बसले.

मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो, तर मुलगा घाबरला. "काका, बाबांच्या ग्रीन कार्डचं प्रोसेस चालू आहे. पोलिस रेकॉर्ड झालं तर प्रॉब्लेम होईल. थोडं ॲडजस्ट करता येईल का, प्लीज?"

मी उत्तर देण्याआधीच गुरुजी कडाडले. "काय ॲडजस्ट? माझ्या पिठीपायी त्या माणसाची बोट जातेय! चपला कुठायत माझ्या?"

"बाबा, ते शूज आहेत."

"जे असेल ते दे!"

लेफ्टनंट बाईंसमोर उभे राहून मी म्हणालो, माझा बुधवारचा अहवाल चुकीचा आहे, तसे लेखी द्यायचे आहे. त्यांनी विचारले, "पुरवणी जोडलीस तरी चालेल. 'चुकीचा' हा शब्द हवाच का?"

"हवाच," मी म्हणालो.

समितीपुढे मी तो कागद वाचला. नंतर गुरुजी उठले आणि शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून बोलले. बाण माझे आहेत. हे गृहस्थ निर्दोष आहेत. वाटेला भेग आहे, कृपया आधी ती पाहा. खोलीत कोणी हसले नाही. म्हाताऱ्याची जागा कायम राहिली. गुरुजींना तोंडी ताकीद मिळाली आणि बाण धुण्याचे काम मिळाले; ते त्यांनी शनिवारी बादली-ब्रश घेऊन मनापासून केले. ग्रीन कार्डात त्याची काही अडचण आली नाही. उद्यान खात्याच्या इंजिनियरने भेग तपासून कड्याची वाट त्याच आठवड्यात बंद केली, आणि पुढे मासेमारांची जुनी वाट खुली झाली.

समितीच्या दारात म्हाताऱ्याने गुरुजींचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. मग माझ्याकडे वळला. "दहा वर्षं मी ओरडून सांगितलं. याने पिठाने सांगितलं. तुम्हाला भाषा तरी कुठली कळते?" रविवारी त्याने आम्हा दोघांना जेवायला बोलावले. गुरुजी शाकाहारी निघाले. म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला आणि त्यांच्यापुढे टोमॅटो, पाव आणि ऑलिव्हची बरणीच ठेवली.

या प्रकरणाने मला जे शिकवले ते तपासाच्या कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत. आमच्या घरात लिहिता-वाचता येणे हीच मोठी गोष्ट होती. माझी पदवी आईने देवापाशी ठेवली होती. त्यामुळे लिहिलेल्या कागदावर माझा फार विश्वास, आणि स्वतः लिहिलेल्यावर तर जास्तच. म्हाताऱ्याचे 'नाही' मी दोन तास ऐकले, पण ते माझ्या कागदात बसत नव्हते म्हणून सोडून दिले. शिकलेल्या माणसाने स्वतःचे लिहिणे खोडायलाही शिकले पाहिजे. तो धडा मला उशिरा मिळाला, पण नोकरी संपायच्या आत मिळाला, याचे समाधान आहे. नंतरच्या वर्षांत सही करण्याआधी मी आरोपीसमोर अहवाल मोठ्याने वाचायचो आणि विचारायचो, यात काय चुकले आहे? बहुतेक जण म्हणायचे, सगळेच. पण कधीकधी कोणी एखादीच ओळ दाखवायचा. मग मी खुर्ची ओढून पुन्हा बसायचो.