लेकीच्या नावाने दिलेला नकार

बगिच्यातल्या संत्र्याचा सौदा करताना मी एकदा तरी उठून जातो. झाडाखाली बसायचं, फळ पाहायचं, भाव ऐकायचा आणि "जमत नाही" म्हणून मोटारसायकलकडे चालू लागायचं. गाडीला किक मारायच्या आत मागून हाक येते, "ओ शेठ, बसा ना! एवढा कायचा राग आला?" मग खरं बोलणं सुरू होतं. आमच्या छिंदवाड्याकडच्या पट्ट्यात, रामाकोन्यापासून पांढुर्ण्यापर्यंत, संत्र्याचा धंदा असाच चालतो. आमच्याकडे पहिला नकार कुणी मनावर घेत नाही. या एका युक्तीवर मी घर बांधलं, दोन ट्रक घेतले, मुलीला नागपूरला वकिलीपर्यंत शिकवलं. तिच्या नोकरीच्या वेळी मी तीच युक्ती लावली.

मुलगी सौंसरच्या कोर्टात एका जुन्या वकिलांच्या हाताखाली काम करायची. पण तिचा जीव दुसरीकडे होता. ती शाळेत असताना माझा संत्र्याचा माल शेजारच्या देशाच्या सीमेवर अडकून सडला होता. मी फोनवर शिव्या देत होतो आणि ती दप्तर काढता काढता म्हणाली, "बाबा, भांडण झालं तर कायदा कोणता लागेल? आपला का त्यांचा?" मला उत्तर माहीत नव्हतं. तिने ते उत्तर शोधायचंच शिक्षण घेतलं. देशादेशांतले करार, व्यापाऱ्यांची भांडणं मिटवणारे लवाद, हे ती कोर्टातून आल्यावर एकटी बसून वाचायची.

मग देशाच्या बार कौन्सिलने बाहेरच्या वकील कंपन्यांना आपल्याकडे दार उघडलं. त्यांनी इथल्या कोर्टात उभं राहायचं नाही, इथल्या कायद्यावर सल्ला द्यायचा नाही. परदेशी कायदा, परदेशी करार आणि तसले लवाद, एवढंच करायचं. सौंसरच्या कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता.

"आता गोरे साहेब येतीन अन् आपण त्याइच्या फायली उचलू," एक वकील म्हणाले.

"तुमच्या फायली पाहून ते पहिल्याच गाडीनं वापस जातीन," दुसरे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "काय शेठ, पोरीले धाडून राहिले म्हणे तिकडं?"

"पाहून राहिलो," मी म्हणालो. मला मनातून बरं वाटलं होतं.

अशाच एका कंपनीने दिल्लीत कार्यालय उघडलं होतं. मुलीने अर्ज केला, त्यांनी कॉम्प्युटरवर तिच्या मुलाखती घेतल्या आणि तिला निवडलं. लवादाचं काम, तिला हवं होतं तेच. ती स्वयंपाकघरात येऊन आईच्या गळ्यात पडली. मी पगार विचारला. पगार चांगला होता. मग मी अटी विचारल्या.

"तिथे असेपर्यंत कोर्टात उभं राहता येणार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे काळा कोट?"

"कोटाचं काय घेऊन बसले बाबा? कोट लागतच नाही त्या कामात."

मला कोटाचं का लागलं होतं ते सांगतो. धंद्याच्या सुरुवातीला एका बगिच्याच्या मालकाने मला विकलेला बहार, म्हणजे झाडावरचं त्या हंगामाचं फळ, दुसऱ्याला विकला. मी कोर्टात गेलो. माझ्या वकिलाने मला खोलीच्या दाराबाहेर उभं केलं आणि आत तो समोरच्या वकिलाशी इंग्रजीत बोलत हसत राहिला. बाहेर येऊन म्हणाला, "समझौता झाला, सही कर." मी सही केली आणि माझा बहार गेला. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं, त्याच आवारात माझ्या घरचं माणूस काळा कोट घालून फिरलं पाहिजे. मुलगी पहिल्यांदा कोट घालून निघाली तेव्हा मी विनाकारण तिच्या मागोमाग कोर्टापर्यंत गेलो होतो. माझा तो वकील आता म्हातारा झालाय, अजून येतो. त्याने तिला पाहावं, एवढ्यासाठी.

मी मुलीला म्हणालो, "पहिल्या बोलीवर हो म्हटलं तर माल हलका आहे असं समजतात. त्याइले सांग, या अटीवर जमत नाही. वाढवतीन पगारही, अन् अट ढिली करतीन."

"बाबा, ती अट कायद्याचीच आहे. ते कशी ढिली करतील?"

"सगळे असंच म्हणतात, आमच्या हातात नाही. मी काय आज धंदा करून राहिलो का?"

"हे संत्र्याचं नाही आहे."

"तू मले शिकवतं?" माझा आवाज चढला. माझा आवाज चढला की आमच्या घरात वाद संपतो. तिची आई तिला हळूच म्हणाली, "तुझे बाबा म्हणतात तर एकदा लिहून पाह्य ना." मग मी सांगितलं तसं तिने लिहिलं, की या अटींवर मला येणं शक्य नाही. मी तिच्या खांद्यामागे उभा राहून ते पाठवायला लावलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तिने वाचून दाखवलं. तुमच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो, तुम्हाला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा.

"पाह्य, गोड बोलून राहिले," मी म्हणालो. "आता गप बस. तेच फोन करतीन."

ती फोन टेबलावर पालथा ठेवून आत गेली. नोकरी गेली हे तिला तेव्हाच कळलं होतं. मी मात्र पुढचे कितीतरी दिवस फोन वाजला की मान वर करून पाहत होतो. रागही येत होता, एवढी मोठी कंपनी आणि माणसाला बोलवायची रीत नाही! मग एका सकाळी ती नेहमीसारखी कोट हातावर घेऊन कोर्टात निघाली आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याने मी घाबरलो. सौदा वाढवायचा होता की मोडायचा होता, हे मी तोवर स्वतःला विचारलंच नव्हतं.

त्याच दुपारी मी कंपनीचा नंबर मिळवून फोन लावला. उठून गेल्यावर मागे वळायची माझी ती पहिलीच वेळ. फोनवर एक बाई होत्या, हिंदी साफ.

मी म्हणालो, "मॅडम, हमारी तरफ से हाँ है. वो 'ना' तो हम ऐसेही बोले थे."

"सर, ऐसेही मतलब?"

ऐसेही म्हणजे काय, हे मला हिंदीत काय, मराठीतही सांगता आलं नाही. जागा भरली गेली, त्या म्हणाल्या. मी विनवण्या केल्या. कंपनीने माझ्या फोनचं मुलीला कळवलं.

कोर्टातून आली ती तशीच माझ्यासमोर उभी राहिली. "माझ्या नावानं नाही म्हटलं, आता माझ्याच नावानं भीक मागितली?"

"बेटा, मले वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते मला सांगू नका बाबा. तुम्हाला मी कोर्टात त्या म्हाताऱ्या वकिलाले दाखवायला पाह्यजे होती."

हे मी तिला कधी बोललो नव्हतो. माझ्यावर कुणी असा आवाज चढवला तर मी हातातली वस्तू फेकतो. त्या दिवशी हातात चहाचा कप होता, मी तो धरून बसलो.

काही महिन्यांनी ती म्हणाली, "दुपारी माझी मुलाखत आहे. तुम्ही घरात नका राहू." मी बसस्टँडवर जाऊन बसलो. ओळखीचे लोक विचारत होते, "कुठं चालले शेठ? नागपूर का छिंदवाडा?" मी म्हणत होतो, "कुठंच नाही." बायकोचा फोन आला तेव्हा घरी गेलो.

"झालं," मुलगी म्हणाली. "मुंबईची कंपनी आहे, आपल्याच देशातली. परदेशी वकिलांसाठी इथले कागद तपासून द्यायचे."

"अन् लवादाचं?"

"ते नाही. ते परदेशी वकील स्वतःच करतात. मी यांना हो म्हटलं."

पगार काय, अटी काय, किती दिवसांचा करार, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "चांगलं केलं." ती माझ्याकडे न बघता आत गेली आणि कपाटातून बॅग काढू लागली. ती बॅग वरच्या फळीवर होती, तिचा हात पुरत नव्हता. मी उठलो, पण तिने खुर्ची ओढून घेतली.