मोनालीच्या पत्रिकेचा राणी रंग

पांढरकवड्याच्या निलोफरला समोरची वस्तू छपाईच्या चार शायांत मोडून पाहायची खोड होती. अम्मीनं वरणाची वाटी पुढे केली की ही म्हणे, "पिवळी नव्वद टक्के, गुलाबी वीस." अम्मी म्हणे, "पहले खा ले." पण लग्नपत्रिकांचं डिझाइन करायचं म्हणजे असं होतंच.

गुलाबसिंगकाका लेकीची, मोनालीची पत्रिका करायला आले. "राणी रंग पाह्यजे. दुरून दिसला पाह्यजे!"

निलोफरनं स्क्रीनवर झगझगीत राणी भरला आणि मोबाइलवर पाठवला. काकांनी तिथल्या तिथे अंगठा पाठवला. या घाईत आरजीबीचा, म्हणजे स्क्रीनचा, रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या रंगांत, बदलून दाखवायचं ती विसरली.

छापील नमुना हातात घेतला आणि काकांचा चेहरा पडला. "शाईत पाणी टाकलं काय वो बेटा? हे तं धुतलेलं लुगडं दिसून राह्यलं."

"नाही काका. मोबाइलात उजेडाचे रंग असते. कागदाले उजेड कुठचा? तिथं चारच शाया. तुमचा राणी शाईत बसतच नाही. मीच आधी दाखवाले पाह्यजे होतं."

काकांना पटेना. तिनं संगणकावर रंग बदलून दाखवला. काकांच्या डोळ्यांदेखत राणी विझला.

"अरे! काय दाबलं? परत दाबा!"

दाबलं. राणी पुन्हा पेटला.

"बस! आता हात नका लावू. असंच छापा."

शेवटी काकांच्या बायकोला, सुखीबाईंना, बोलावणं गेलं. त्यांनी दोन्ही रंग पाहिले आणि निकाल दिला, "पह्यला डोयात टोचते. दुसरा छापा. पोरीचं लगन हाय, ट्रॅक्टर नाही विकायचा."

पत्रिका तशा छापल्या गेल्या. पण काकांचं मन भरलं नव्हतं. मारेगावच्या नातेवाइकांना ते गुपचूप मोबाइलातली झगझगीत पत्रिकाच पाठवत राहिले. सुखीबाईंनी त्याच घरांना कागदाचीही धाडली होती.

लग्नाच्या दिवशी मारेगावच्या हंसाबाई मांडवात शिरल्या त्या दोन साड्या घेऊन.

"दुसरी नवरी कुठी हाय वो?"

"कोणती दुसरी?" सुखीबाईंनी विचारलं.

"पत्रिका तं दोन आल्या, दोन रंगाच्या! मले वाचता कुठी येते? म्हटलं लहान्या पोरीचंही उरकून राह्यले."

पंगतीत बसलेल्या निलोफरला ठसका लागला. सुखीबाई नवऱ्याला शोधू लागल्या, तर तो फेटा सावरत आचाऱ्याच्या चुलीमागे सटकलेला. हंसाबाईंनी जादा साडी हळूच पिशवीत परत घालायला घेतली.

"असू द्या, असू द्या," सुखीबाई म्हणाल्या आणि साडी काखेत मारून आत गेल्या.