टाकीवरचा आवाज

हे मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. मैत्रिणींच्या नाही, पक्षी बघणाऱ्या आमच्या ग्रुपवर तर नाहीच. सांगायचं टाळत आले — भीती नाही ती, किळस आहे. स्वतःची. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

आमचं घर लातूरच्या बाहेरच्या अंगाला. मागे जुन्या चिंचा, त्यापलीकडे तुरीची रानं. माझी खोली गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून. टाकीच्या बरोबर खाली दादा-वहिनीची. मी इंग्लिश मीडियमची, घरात कमी बोलणारी. अप्पांच्या दुकानातलं कुणी आलं की वर निघून जायची. पक्ष्यांचं बरं असतं — ते आपल्याला काही विचारत नाहीत.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी चिंचांकडून आवाज आला. कसा सांगू? थरथरत वर चढणारा, मध्येच तुटणारा — कुणी रडता रडता हसावं तसा. पिंगळा मला ओळखू येतो, गव्हाणी घुबडही. हे ते नव्हतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं. एका जुन्या सदस्याने लिहिलं, वनघुबड असावं, पण कुत्र्यांच्या भुंकण्यात नक्की कळत नाही; स्वच्छ रेकॉर्डिंग मिळतंय का बघा. आमच्या भागातून ते ग्रुपवर कुणीच टाकलेलं नव्हतं. पहिलं नाव माझं — एवढंच डोक्यात बसलं.

आवाज पक्का करायची एक सोपी, घाणेरडी रीत आहे. त्याच जातीच्या पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायचा. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत कुणी परका शिरला. तो उत्तर देतो, चिडून जवळ येतो. आमच्या ग्रुपमध्ये याला मनाई आहे, विणीच्या दिवसांत तर सक्त. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. छोटा स्पीकर मी टाकीवर ठेवला आणि दिवा घालवून खिडकीत बसले.

तो आला. आधी लांबच्या चिंचेवर, मग जवळच्या, मग थेट टाकीवर. वनघुबडच — शंका उरली नाही. मग थांबले का? नाही. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी नको ते घुसायचं — मोटरसायकल, कुकरची शिट्टी. रोज दिवेलागणीला मी वाजवत राहिले.

आणि खाली काय चाललंय, ते मला ऐकू येत नव्हतं का?

वहिनी बिलोलीची. लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि नुकतेच दिवस राहिले होते. हसरी, मोकळी. मी जिन्यात घुटमळले की चहाचा कप दाखवून म्हणायची, "या की ताई खाली, आम्ही काय चावताव का?"

आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा आईने तिच्या कपाळाला विभूती लावली. मग मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मग शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, असं रडणं या गल्लीत जन्मात ऐकलं नाही, आणि ते नेमकं सुनेच्याच खोलीवर कसं? पांढऱ्या पायाची — हा शब्द मी जिन्यात उभी राहून ऐकला. वहिनीनेही ऐकला. ती तिथेच ज्वारी निवडत बसली होती. तिचे हात थांबले नाहीत.

त्याच दुपारी ती माझ्या खोलीत आली. जिना चढून दम लागला होता.

"ताई, तुम्हाला पाखरांचं कळतंय म्हणतात. हे कोणतं हाय? नाव कळलं तर आईंना सांगता येईल — नुसतं पाखरू हाय म्हणून."

स्पीकर माझ्या उशीखाली होता. नाव जिभेवर होतं.

"नाही ओळखता येत," मी म्हणाले.

ती भिंतीचा आधार घेत खाली गेली.

घुबड म्हटलं असतं तर आई जास्तच घाबरली असती, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. खोटं आहे ते. मी एवढंच म्हणायला हवं होतं — आई, त्याला मी बोलावतेय. पण मग माझी चोरी घरालाही कळली असती आणि ग्रुपलाही. आणि हेही ऐका: त्या संध्याकाळी मी पुन्हा वाजवलं. कारण मनासारखं रेकॉर्डिंग अजून मिळालं नव्हतं.

त्या दिवशी ते मिळालं. स्वच्छ, लांबलचक. फक्त शेवटी खालून आईचा आवाज आला होता — "आत हो गं, तुझ्यामुळंच आलंय ते." तेवढा तुकडा मी कापला आणि उरलेलं ग्रुपवर टाकलं. अभिनंदनांचा पाऊस पडला. मी प्रत्येकाचे आभार मानले.

त्याच आठवड्यात दादा वहिनीला बिलोलीला सोडून आला. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, पण इतक्या लवकर कुणी पाठवत नाही — गल्लीला जे कळायचं ते कळलं. माझं काम झालं होतं. मी वाजवणं बंद केलं. घुबड त्याच्या चिंचांकडे परत गेलं. आणि आई येईल-जाईल त्याला सांगू लागली, "बघा, ती गेली अन् रडणं बी गेलं." या पुराव्यापुढे कोण काय बोलणार? तो मीच तयार केला होता.

मुलगी झाली, सुखरूप. वहिनी परत आली, पण मला चहाला हाक मारणारी ती नाही. तिन्हीसांजेला सगळ्या खिडक्या लावून घेते. परवा रानावरून टिटवी ओरडत गेली, तर तिने घाईने बाळाचे कान झाकले. मी शेजारीच बसले होते. इतक्या दिवसांनी मी म्हणाले, "टिटवी आहे वहिनी, नुसती टिटवी."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"असू द्या ताई. माझ्याच पायाचं हाय हे. मला आता कळलंय."

तिला ते पटलंय. आईने नाही, काकूंनी नाही — मी पटवलंय. आणि मी काय केलं? पाळण्याची दोरी हातात घेतली आणि झोके देत राहिले.