करवतवाल्यांना मीच चहा पाजला

मंडळी, मी बोलतेय आणि माझी नात सायली टाइप करतेय. चुका दिसल्या तर तिच्या.

आज सकाळी आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत करवतवाले आले. सेक्रेटरी म्हणाले, "आजी, आंब्याच्या फांद्या छाटतोय. पालिकेची परवानगी आहे." मी शहाणी! त्या माणसांना आलं घालून चहा पाजला.

चहा पिऊन तरतरीत झाले आणि त्यांनी थेट बुंध्यालाच करवत लावली. गावाहून आणलेली कोय मीच तिथे पुरली होती हो.

सायली मोबाइलवर पालिकेचे नियम शोधायला लागली. "आजी, अख्खं झाड तोडायला वेगळी परवानगी लागते. आधी झाडावर नोटीस लावतात, आपल्याला हरकत घेता येते!"

"अगं, मग मला काय वाचून दाखवतेस? खाली धाव!"

ती पोचेपर्यंत झाड आडवं झालं होतं. संध्याकाळी तक्रार केलीय, पण तक्रारीला कैऱ्या लागत नाहीत.

हा नियम सकाळी एकालाही ठाऊक असता, तर आंबा उभा असता. मला वाचता येत नाही. तुम्हाला येतं ना? मग तुमच्या आवारातल्या झाडांसाठी आजच वाचून ठेवाल का?